निळ्या चिंधीचं कुलूप

सहा वर्षांपूर्वी याच दिवाळी अंकात माझा मोनोरेलवरचा एक लेख छापून आला होता. काही वाचकांना तो आठवत असेल. एका रुळावर गाडी चालवायचं वेड माणसाला कसं लागलं, याची हलकीफुलकी हकीकत होती. वर हेल्मेट घातलेला माझा फोटो होता. शारज्याला अल मजाजमधल्या आमच्या बिल्डिंगमध्ये दोन मराठी घरांनी तो अंक मुद्दाम मागवला होता. मंडळाच्या कार्यक्रमात एका बाईंनी त्यातला एक परिच्छेद माइकवर वाचूनही दाखवला. तो परिच्छेद असा होता:

'आमच्या एका सरदारजी सहकाऱ्यानं बीमवर चढण्याआधी कुलूप लावायचंच विसरून आपला उजवा हात गमावला. माणूस कितीही जुना असो, यंत्र विसरभोळेपणाला माफ करत नाही.'

लोकांना तो आवडला. 'काय लिहिलंय हो, यंत्र माफ करत नाही!' असं एकानं मला लिफ्टमध्ये गाठून सांगितलं. मी मान डोलावली.

त्यातलं पहिलं वाक्य खोटं आहे, आणि ते लिहिताना मला ते माहीत होतं. संपादकांना मी हे सगळं आधी पत्रानं कळवलं. त्यांनी त्याच अंकात जागा दिली, हा त्यांचा मोठेपणा.

आधी हे काम काय असतं ते सांगतो, नाहीतर कुलपाचं महत्त्व कळणार नाही.

मी अबू धाबीजवळच्या एका करमणूक उद्यानात मोनोरेलच्या देखभालीचा सुपरवायझर होतो. उद्यानाचं नाव लिहीत नाही. ते आता बंद पडलंय, गाड्या भंगारात गेल्या आणि वाळूत काँक्रीटचे बीम तेवढे उभे आहेत. साडेतीन किलोमीटरची वाटोळी लाइन होती. आमची गाडी बीमवर घोड्यावर बसल्यासारखी बसायची. वरून रबरी टायर भार घेतात आणि बीमच्या दोन्ही कुशींना आडवे टायर घट्ट धरून राहतात. ते आडवे टायर नसतील तर गाडी पहिल्या वळणावरच कलंडेल. बीमच्या एका बाजूनं विजेची पट्टी जाते. साध्या रेल्वेत रूळ बदलायला लोखंडाचं एक पातं हाताच्या रुंदीइतकं सरकतं. मोनोरेलमध्ये तसं करता येत नाही, अख्खा बीमच सरकवावा लागतो. आमच्याकडे बारा मीटरचा एक लोखंडी बीम मोटरवर डावीकडे-उजवीकडे फिरायचा. त्याला आम्ही स्विच म्हणायचो. तो पूर्ण फिरायला वीस सेकंद लागत. त्याच्या सांध्यात हात घालून ग्रीस काढावं लागे, कारण वाळू ग्रीसमध्ये मिसळली की तिचा सिमेंटसारखा गोळा होतो.

म्हणून कुलूप. वर चढण्याआधी वीज तोडायची आणि मेन स्विचच्या दांड्याला एक लोखंडी पकड लावायची. तिला भोकं असतात, आणि वर जाणारा प्रत्येक माणूस त्यातल्या एका भोकात स्वतःचं कुलूप घालतो. किल्ली स्वतःच्या खिशात. खाली आल्यावर ज्याचं त्यानं काढायचं. एकही कुलूप शिल्लक असेल तर वीज सोडता येत नाही, मग वरून कोणाचाही फोन येवो. कोणी कुलूप विसरून निघून गेला तर त्याला शोधायचं. सापडला नाही तर सुपरवायझरनं पूर्ण भाग पायी चालून डोळ्यांनी बघायचा, दुसऱ्या अधिकाऱ्याची सही घ्यायची आणि मगच कटरनं कुलूप कापायचं. चालायला पंचवीस मिनिटं लागतात. या सगळ्या नियमाचा अर्थ एवढाच, की माणसाचा जीव त्याच्या स्वतःच्याच खिशात असावा.

दर मंगळवारी शाळांच्या सहली यायच्या, आणि त्यांना मोनोरेलचा इतिहास सांगायचं काम माझ्याकडे आलं होतं. मला ते आवडायचं. दोनशे वर्षांपूर्वी इंग्लंडमध्ये एका इंजिनिअरनं खांबांवर एकच फळी टाकून दोन बाजूंना लटकणाऱ्या पेट्या घोड्याकडून ओढून घेतल्या. लाइन विटा वाहण्यासाठी होती, पण उद्घाटनाला त्या पेट्यांत माणसंच बसली. नंतर एका फ्रेंच माणसानं वाळवंटात उंटांचा तांडा पाहिला. उंटाच्या दोन्ही कुशींना सारख्या वजनाच्या गोण्या, आणि मधोमध उंट शांत. त्याला वाटलं, उंटाच्या जागी रूळ ठेवला तर? त्याच्या पद्धतीची गाडी आयर्लंडमध्ये खरंच कित्येक वर्षं चालली. तिथं अडचण एकच होती, दोन्ही बाजू सारख्या भरायला लागायच्या. कोणाला पियानो न्यायचा असेल तर दुसऱ्या बाजूला दोन वासरं चढवायची, आणि परत येताना वासरांना दोन बाजूंना एकेक वाटून बसवायचं. हे सांगितलं की मुलं खिदळायची. रस्ता आडवा आला की तिथं रूळ उचलणारा पूल, कारण एवढ्या उंच रुळावरून बैलगाडी जाणार कशी? या सगळ्या जुन्या लोकांचं दुखणं एकच होतं. एक रूळ भार वाहतो, पण तोल देत नाही. तोल कुठून तरी वेगळा आणावा लागतो.

माझ्या भाषणात गुरबचनसिंग हातात झाडूचा दांडा घेऊन उभा राहायचा. दांड्याच्या दोन टोकांना दोन बादल्या. तो एकीत हळूच पाणी ओतायचा आणि मुलं ओरडायची, "गिरेगा, गिरेगा!"

गुरबचनसिंग माझा सीनियर टेक्निशियन होता. माझ्यापेक्षा पाच वर्षांनी मोठा, हातानं अतिशय नेमका. मी त्याला पाजी म्हणायचो, तो मला साब म्हणायचा आणि मग मनसोक्त टोमणे मारायचा. मी नवीन असताना बीमच्या तोलाचं काहीतरी समजावत होतो, तर म्हणाला, "साब, आपके पुणे में तो दो पहिये वाली स्कूटर भी सीधी नहीं चलती, आप एक पटरी का ज्ञान दे रहे हो."

एकदा जेवताना त्यानं सांगितलं, "मेरे दादा भी मोनोरेल चलाते थे. सरहिंद में. खच्चर से."

टेबलावरचे सगळे हसले. मी सगळ्यात जास्त हसलो. शाजी, आमचा मल्याळी टेक्निशियन, खच्चर कसं ओरडतं ते करून दाखवायला लागला. गुरबचन शांतपणे पोळी तोडत म्हणाला, "झूठ बोलना होता तो हाथी बोलता. खच्चर क्यों बोलता?"

घरी जाऊन मी शोधलं. ते खरं होतं. पतियाळा संस्थानात शंभराहून अधिक वर्षांपूर्वी रस्त्याच्या कडेनं एकच रूळ टाकला होता. गाडीची छोटी चाकं त्या रुळावर, आणि बाजूला एक मोठं चाक, ते रस्त्यावरून चालणार. जवळपास सगळा भार रुळावर, बाजूच्या चाकावर अगदी नाममात्र. संस्थानच्या पागेतली खेचरं आणि बैल ती ओढत, नंतर काही वाफेची इंजिनंही आली. पुढे मोटारी आल्या, लाइन बंद पडली, आणि तिचं एक इंजिन कितीतरी वर्षं कुठल्याशा यार्डात गंजत पडलं होतं. ते दुरुस्त करून दिल्लीच्या रेल्वे संग्रहालयात ठेवलं आहे.

दुसऱ्या दिवशी मी सगळ्यांसमोर त्याची माफी मागितली. तो खूश झाला. "साब, कभी दिल्ली चलेंगे. मैं आपको दादा वाला पहिया दिखाऊँगा."

म्हणजे तो खोटं बोलत नाही हे मला माहीत होतं. हे मी पुढच्यासाठी सांगून ठेवतो आहे.

त्याची एक चूक मात्र झाली होती. एका शुक्रवारी तो कुलूप तसंच ठेवून गुरुद्वाऱ्यात निघून गेला. मी दोन तास थांबलो, त्याला परत बोलावलं, आणि त्यानं खाली मान घालून कुलूप काढलं. दुसऱ्या दिवशी पाहिलं, तर कुलपाच्या कडीला निळ्या कापडाची चिंधी बांधलेली. त्याच्या पगडीतली होती. मला म्हणाला, "अब रोज़ काम पे यही पगड़ी. शीशे में देखूँगा तो ताला याद आएगा." तेव्हापासून कामावर त्यानं दुसऱ्या रंगाची पगडी बांधलेली मी पाहिली नाही.

आता ती सकाळ.

अकरा वर्षं झाली. शुक्रवार होता. उद्यान दुपारी उघडायचं, म्हणून पहाटेपासून साडेदहापर्यंत देखभाल. त्या दिवशी स्विचच्या भागावर तिघांची कुलपं होती, माझं, शाजीचं आणि गुरबचनचं. साडेनऊला ऑपरेशन्स मॅनेजरचा फोन आला. मोठे पाहुणे दुपारच्या ऐवजी दहालाच येत होते. "दहाला गाडी प्लॅटफॉर्मवर पाहिजे. यल्ला!" मी सांगितलं, साडेदहाशिवाय जमणार नाही. तो म्हणाला, "हबीबी, मी तुला विचारत नाहीये."

शाजी खाली आला, त्यानं त्याचं कुलूप काढलं. मी माझं काढलं. पकडीवर निळ्या चिंधीचं कुलूप राहिलं. गुरबचनचा फोन लावला. तो लॉकरमध्ये वाजत होता, कारण बीमवर फोन न्यायला बंदी होती. मी शाजीला विचारलं.

"पाजी तो नीचे उतर गया था साब, चाय पीने," शाजी म्हणाला आणि प्लॅटफॉर्मकडे पळाला.

ते खरंच होतं. गुरबचन चहाला उतरला होता. पण एक बोल्ट राहिला म्हणून तो कुलूप परत लावून वर गेला होता.

पंचवीस मिनिटं चाललो असतो तर तो मला दिसला असता. खरं तर दहाव्या मिनिटालाच दिसला असता. मला गुरुद्वाऱ्याचा शुक्रवार आठवला. मनात म्हटलं, परत विसरला. रागसुद्धा आला. चिंधी बांधून नाटकं करतो आणि परत विसरतो. मॅनेजरचा दुसरा फोन वाजत होता. मी कटर काढला, कोणाचीही सही न घेता कुलूप कापलं, वीज सोडली आणि स्विच फिरवून बघायचा हुकूम दिला. वीस सेकंद.

ओरडणं आधी ऐकू आलं नाही. आधी मोटरचा आवाज बदलला. पुढचं मी लिहीत नाही. त्याचा जीव वाचला. अंगठा आणि तर्जनी तेवढी वाचतील असं डॉक्टर आधी म्हणाले होते, शेवटी उजवा हात कोपराखालून गेला.

अँब्युलन्स निघून गेल्यावर मी मेन स्विचच्या पॅनेलच्या खोलीत आलो. कापलेलं कुलूप जमिनीवर पडलं होतं. मी ते उचललं आणि खिशात घातलं. तोपर्यंत मी काही ठरवलं नव्हतं, असं मला अकरा वर्षं वाटत आलं आहे. पण कुलूप खिशात घालणं म्हणजेच ठरवणं होतं. नंतर रजिस्टर उघडलं. कोणी कुलूप लावलं याची नोंद वेळच्या वेळी करायची असते. मी ती रोज शेवटी एकदम भरायचो, सगळे तसंच करायचे. त्या दिवशी मी दोन नोंदी लिहिल्या. शाजी आणि मी.

सेफ्टीवाल्यांनी विचारलं, पोलिसांनी विचारलं. मी म्हणालो, "त्याचं कुलूप नव्हतं." शाजीला माझ्यासमोरच विचारलं. तो माझ्याकडे बघत म्हणाला, "नोटिस नहीं किया, साब." त्याची बदली, रजा, व्हिसाचे कागद सगळं माझ्या सहीनं व्हायचं. मी त्याला काही सांगितलं नव्हतं. सांगायची गरजच नव्हती.

मी हे का केलं? तुरुंगाची भीती. आणि माझी मुलगी सई तेव्हा सात वर्षांची होती, बायको वैशाली नुकतीच इथं शाळेत शिक्षिका म्हणून लागली होती. ही कारणं खरी आहेत. पण गुरबचनलाही दोन मुली होत्या, हेही मला तेव्हा माहीत होतं.

हॉस्पिटलमध्ये मी त्याला भेटायला गेलो. माझा विचार होता की तो शिव्या देईल. पहिल्या दिवशी तो म्हणाला, "साब, मैंने लगाया था ना? कपड़ा भी था."

मी म्हणालो, "पाजी, पकडीवर नव्हतं."

त्यानं नजर छताकडे वळवली. मग म्हणाला, "आपने देखा था?"

"हां."

"फिर नहीं लगाया होगा," तो म्हणाला. "चाय के बाद दिमाग़ कहीं और था."

इतकंच. माझ्या शब्दावर त्यानं आपल्या आठवणीला खोटं ठरवलं. कंपनीनं नियमाप्रमाणे त्याची चूक धरली आणि दोन महिन्यांत तो गावी परत गेला. विमानतळावर मीच सोडायला गेलो होतो. त्यानं डाव्या हातानं माझा हात हातात घेतला आणि म्हणाला, "साब, मेरी वजह से आपकी बड़ी इन्क्वायरी हो गई."

नंतर मला बढती मिळाली. सेफ्टीच्या क्लासमध्ये मी त्याचं उदाहरण द्यायला लागलो, कारण न देणं विचित्र दिसलं असतं. पहिल्यांदा वाक्य अर्धंच सोडलं. दहाव्यांदा सहज गेलं. पुढे त्यात चहाचा कप आला, थोडा विनोद आला. तसाच तो किस्सा या अंकात आला.

उद्यान बंद झालं तेव्हा टेबल रिकामं करताना खालच्या खणात ते कुलूप सापडलं. सापडलं म्हणणंसुद्धा लबाडीच आहे, ते तिथं आहे हे मला रोज माहीत होतं. घरी आणून कपाटात टाकलं. आता मी शारजा औद्योगिक क्षेत्रात एका वर्कशॉपमध्ये छतावरच्या क्रेनची देखभाल बघतो. तिथंही वर एकच बीम, आणि खाली माणसं. रोज सकाळी नव्या लोकांना कुलपाचा नियम मीच शिकवतो.

गेल्या जानेवारीत गुरबचनचा व्हॉइस मेसेज आला. दरवर्षी नव्या वर्षाला यायचाच. या वेळी लांबलचक होता. मुलीचा नवरा, हरजिंदर, शारज्यात एका फॅक्टरीत मेंटेनन्सला लागला होता. "साब, आप पास में ही हो. उसको एक दिन चाय पे बुला लेना. और समझा देना, ताला लगाना कभी मत भूले. बोलना, तेरे ससुर ने एक बार भूल की थी, हाथ देख ले उसका. आप बोलोगे तो मानेगा. आपने तो अपनी आँख से देखा था."

मी तो मेसेज गाडीत ऐकला, सिग्नलवर. मागच्यानं हॉर्न वाजवला तेव्हा गाडी कडेला घेतली आणि मेसेज परत ऐकला.

तोपर्यंत मी स्वतःला सांगत आलो होतो, की माझ्या खोट्यानं त्याचं जे व्हायचं ते त्या वर्षीच होऊन संपलं. खलास. आता कळलं की ते दरवर्षी चालू होतं, आणि आता पुढच्या पिढीला ते मी चहाबरोबर द्यायचं होतं.

मी त्याला फोन करून म्हणालो, "पाजी, दिल्लीला येतोय. ते चाक दाखवशील?" तो लहान मुलासारखा हसला.

फेब्रुवारीत संग्रहालयाच्या दाराशी भेटलो. तो रात्रीच्या बसनं आला होता. पगडी पांढरी होती, दाढीही. उजवी बाही कोपराखाली दुमडून पिन लावलेली. त्यानं मला घाईघाईनं आत नेलं, जणू गाडी सुटणार होती. इंजिन होतं तिथं. एका बाजूला तोल सांभाळणारं ते मोठं चाक. दोरीच्या अलीकडून त्यानं डाव्या हातानं दाखवलं.

"देखो. सारा वज़न उधर, पटरी पे. ये पहिया कुछ नहीं उठाता. पर इसको निकाल दो, तो पूरी गाड़ी सड़क पे." मग हसून, "दादा कहते थे, खच्चर भी इसी तरफ़ लात मारता था."

मी पिशवीतून कुलूप काढलं. लाल रंग उडालेला, कडी कापलेली, चिंधी तिच्या एका टोकाला तशीच. निळा रंग करडा झाला होता.

 मी सगळं सांगितलं, उभ्याउभ्या, आत्ता लिहिलं आहे तेवढंच. दोन शब्दही वाढवून सांगायचे नाहीत असं ठरवलं होतं. आजूबाजूला शाळेची मुलं धावत होती.

त्यानं खिशातून किल्ल्यांचा जुडगा काढला. घराची किल्ली, ट्रॅक्टरची किल्ली, आणि एक छोटी पितळी किल्ली. हॉस्पिटलमध्ये त्याच्या पँटच्या खिशातून निघालेल्या वस्तू त्याला प्लॅस्टिकच्या पिशवीत परत दिल्या होत्या, त्यातली ती होती. मला म्हणाला, "पकड़." एका हातानं त्याला दोन्ही धरता येत नव्हतं. मी कुलूप धरलं. त्यानं किल्ली घातली आणि फिरवली. अकरा वर्षं न उघडलेलं कुलूप जरा कुरकुरलं आणि कडी सुटली.

"चाबी तो मेरे पास थी," तो म्हणाला. "मैंने सोचा, ताला टूलबॉक्स में रह गया होगा और चाबी जेब में डाल ली होगी. इतने साल यही सोचा."

मी म्हणालो, "पाजी..."

"चुप." तो मला पहिल्यांदाच असं म्हणाला. "घर से निकलता हूँ तो तीन बार लौट के ताला देखता हूँ. घरवाली हँसती है. गैस देखता हूँ. ट्यूबवेल का स्विच देखता हूँ. बच्ची की शादी में गुरुद्वारे से वापस आया घर का ताला देखने, फेरे रुके रहे. सब बोले, सरदार का दिमाग़ गया." त्यानं खांदा किंचित उचलला. "ये हाथ तो मशीन ने लिया. चल, मान लिया, जल्दी थी, तू डर गया." मग डाव्या हाताचं बोट कपाळावर टेकवलं. "ये तूने लिया."

साब गेलं होतं. आपमधून तू झालं होतं. मला ते बरोबर वाटलं.

मग त्यानं विचारलं, "किस किस को बोला था, कि मैं भूल गया?"

मी मोजून सांगितलं. मॅनेजर. सेफ्टीवाले. पोलीस. घरी. क्लासमधली माणसं, ती किती हे आठवत नाही. आणि एक मराठी दिवाळी अंक.

"किताब में भी?"

"हां."

"सबको बोल," तो म्हणाला. "जो बचे हैं, सबको."

त्यानं कुलूप आपल्या खिशात घातलं आणि बस स्टँडकडे निघाला. मी बरोबर चालायला लागलो तर हातानंच थांबवलं.

सगळ्यात आधी हरजिंदरला सांगितलं, माझ्या वर्कशॉपच्या दाराशी. त्यानं चहा घेतला नाही. शाजीला त्रिशूरला फोन केला. तो म्हणाला, "साब, मुझे दिखा था वो नीला कपड़ा. मैंने भी नहीं बोला. आप अकेले मत उठाओ." पण त्याला गप्प ठेवणारा मीच होतो, हे मी त्याला सांगितलं.

वैशालीला सांगितलं तेव्हा ती कपड्यांच्या घड्या करत होती. घडी तशीच हातात धरून म्हणाली, "तेव्हा सांगितलं असतंस ना, तर मीच तुला गप्प बस म्हणाले असते. आता मला तेही समजून राहावं लागेल." सई अठरा वर्षांची आहे. तिनं सगळं ऐकून विचारलं, "डिड ही फरगिव्ह यू, बाबा?"

"नाही."

"गुड," ती म्हणाली आणि तिच्या खोलीत गेली. संध्याकाळी बाहेर येऊन माझ्याशेजारी बसली.

पोलिसांना दिलेला जबाब मी बदलणार आहे. वकिलाची वेळ घेतली आहे. त्याचं काय होईल ते मला माहीत नाही, आणि हा लेख छापून येईपर्यंत ते ठरलेलंही असेल. मॅनेजर कुठे आहे ते कोणाला ठाऊक नाही. राहिला हा अंक.

पाठवण्याआधी मी गुरबचनला फोन करून हे सगळं हिंदीत वाचून दाखवलं. त्यानं मधे एकदाही अडवलं नाही. संपल्यावर विचारलं, "वो पुराना वाला, उसमें मेरा नाम क्या लिखा था?"

"एक सरदारजी."

"इसमें पूरा लिख."

म्हणून सहा वर्षांपूर्वीच्या त्या वाक्याच्या जागी वाचकांनी हे वाक्य वाचावं:

सरहिंदजवळच्या गावातले गुरबचनसिंग मेहरसिंग यांनी त्या सकाळी बीमवर चढण्याआधी आपलं कुलूप लावलं होतं, आणि किल्ली त्यांच्या खिशात होती. ते कुलूप मी कापलं.